धक्का

सकाळी दोन्ही डोळे माझेच असतात.
दिवाडीच्या धक्क्यावर पोचेपर्यंत
डावी पापणी दुकानाच्या शटरसारखी
अर्ध्यावर येऊन अडकते,
आणि मांडवीत एका फेरीबोटीच्या दोन होतात.
मी उजवीकडचीवर चढते.
आजवर तीच खरी निघाली.

वर्गात हजेरी.
आमोणकर, काणकोणकर, गावडे, इथपर्यंत आवाज ठणठणीत.
पर्येकर, मळीक... नाकातून यायला लागतो.
शेवटची शिरोडकर ईशाली
नाव घ्यायच्या आधीच ‘हजर’ म्हणते.
सात वर्षांची आहे. कुणी शिकवलं नाही तिला.

पहिल्या वर्षी सगळ्यांनी सगळं सांगितलं.
रक्त कमी आहे, नजर लागली, चष्मा बदल.
जाऊ म्हणाली, फोटोत हसायला काय पैसे पडतात?
मी हसत होते.
तोंड ऐकत नव्हतं.

मग बांबोळीला डॉक्टर कुंकळ्येकरांनी
रबरी हातमोज्यात बर्फ भरून पापणीवर ठेवला,
घड्याळ लावून, दोन मिनिटं.
काढला तर पापणी वर.
सुया, तारा, छातीचे फोटो नंतर आले,
पण मला पहिल्यांदा खरं मानलं ते बर्फाने.

हे मी रुझारीनला सांगितलं ती चूक झाली.
तेव्हापासून बांगड्यांखालचा एक खडा
ती वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळा ठेवते.
‘धर गो बाय, दोळ्याक लाय.’
मेच्या उकाड्यात, अंगातलं सगळं मेण झालेलं असताना,
मी सोप्यावर मासळीच्या वासाचा बर्फ लावून बसते,
आणि वाड्यावरची मांजरं
माझ्याकडे आदराने बघतात.

डॉक्टरांनी कागदावर दोन रेघा काढल्या:
इकडे नस, तिकडे स्नायू, मध्ये फट.
म्हटलं, म्हणजे खाडी.
म्हणाले, हो, तसंच. निरोप निघतो,
पण पलीकडच्या धक्क्यावर
तुमच्याच माणसांनी जागा अडवून ठेवलीय.

माझीच माणसं.
रक्तातली. ताप आला की लढणारी.
त्यांना मी कधी परकी झाले
हे कुठल्याच तपासणीत येत नाही.
गोळी त्यांना हटवत नाही.
ती फक्त निरोपांना जरा जास्त वेळ थांबवून धरते,
एखादी जागा मोकळी होईपर्यंत;
धावत येणारी बाई दिसली
की भला तांडेल दोर सोडत नाही, तशी.

पाच, नऊ, एक, पाच, नऊ.
चुकलं तर उंडो तोंडातच राहतो.
हनुवटीला हाताचा टेकू देऊन चावते मी.
विभा आधी ताटात बघायची,
आता तीही टेकू देऊन जेवते, मला चिडवायला.

दुसऱ्या गोळ्यांनी चेहरा सुजला.
‘मानवलं हो तुला!’ फेरीत एकजण म्हणाली.
मी मान डोलावली, तीही मोजूनच.
दुपारनंतर केसांपर्यंत हात जात नाहीत.
नवरा विंचरतो. भांग वाकडा पाडतो,
रोज, त्याच बाजूला.

पर्समध्ये एक यादी असते,
मला चालत नाहीत त्या औषधांची,
माझ्या नावाच्याही वर, लाल शाईत.
ती नव्हती तेव्हाच्या नऊ रात्रींबद्दल
मी घरी अजून बोललेले नाही.
यंत्र माझा श्वास घ्यायचं
आणि मी मनातल्या मनात हजेरी.
आमोणकर. काणकोणकर. गावडे.
शिरोडकरपर्यंत पोचले की पुन्हा पहिल्यापासून.

‘आता बरी आहेस ना?’
‘एक वाजेपर्यंत,’ मी सांगते,
लोकांना ते विनोदी वाटतं.

एकला पाच कमी. पलीकडून फेरी सुटली आहे,
एक की दोन, जवळ आल्यावर कळेल.
गोळी तळहातावर.
बाटलीचं झाकण बोटांना दाद देत नाही.
शेजारी स्कूटरवर बसलेल्या पोराकडे बाटली धरते.
तो फोनमधून मान वर न काढता
झाकण फिरवून परत देतो.